अकरा नंबरचं भांडं

पटलं तर घ्या, नाहीतर झोपा. पण मध्ये खुसखुस नको, काय?

मी ज्या ऑफिसात फायली सांभाळायचो, तिथे जनावरांचे एक डॉक्टर होते. परवाना काढून, तिकीट लावून परदेशी प्राणी दाखवणारे असतात ना, त्यांचे पिंजरे वर्षातून एकदा तपासायचे, हे त्यांचं काम. माणूस वाईट नव्हता. भिडस्त होता, तेच नडलं.

सतरा मार्च. भर दुपारी डॉक्टर तपासणीला गेले. मालकाने पंख्याखाली बसवलं, सरबत पाजलं, 'साहेब, साहेब' करून हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. डॉक्टरांनी खुर्चीतूनच तक्ता भरला. पिंजरा एक, पाणी आहे, खूण. पिंजरा दोन, खूण. अकराव्यात म्हातारं अस्वल. तिथेही खूण. एकाही पिंजऱ्यापर्यंत ते गेले नाहीत.

घरी आल्यावर लक्षात आलं, ऑफिसचा शिक्का मालकाच्या टेबलावरच राहिलाय. सकाळी तक्ता द्यायचा होता. जेवण उरकून परत निघाले. फाटकाशी पोचले तेव्हा नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मालक बाहेरगावी. रखवालदाराने कुलूप काढून शिक्का हातात दिला. तेवढ्यात मागून आवाज आला.

खर्र... सिमेंटवरून भांडं ओढल्याचा.

"काय रे ते?"

रखवालदार दोन पावलं मागे सरकला. मान खाली.

डॉक्टर बॅटरी घेऊन मागे गेले. पहिल्या पिंजऱ्यातलं भांडं कोरडं. दुसऱ्यातलं कोरडं. तिसऱ्यातल्या माकडाने नुसते डोळे उघडले, उठलं नाही. डॉक्टरांना स्वतःची शिसारी आली. ह्या सगळ्यांच्या नावापुढे त्यांनीच खूण केली होती.

खर्र...

अकरावा पिंजरा. गजांखालच्या फटीतून पत्र्याचं भांडं बाहेर येत होतं. हळूहळू. त्यामागे काळा पंजा. झिजलेली नखं.

डॉक्टरांनी आपल्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं. भांडं आत गेलं. लपलप... लपलप...

मग शांत.

"अरे, मुकं जनावर हे! इतकं तहानलेलं ठेवता?" डॉक्टर कडाडले.

रखवालदार दहा पावलं लांबच थांबला होता.

"साहेब... अकरा नंबर गुरुवारीच गेलं. तहानेनं. मालक म्हणाले, तपासणी होईस्तोवर बोलायचं नाही. मागे पुरलंय."

डॉक्टरांनी बॅटरी आत मारली.

कोरडी फरशी... भांडंसुद्धा नाही...

पाचावर धारण बसली. पण पळाले नाहीत, हे सांगायलाच हवं. दोघांनी बादल्या भरभरून दहाही पिंजऱ्यांत पाणी ठेवलं. मग डॉक्टर मालकाच्याच खुर्चीत बसले, अकराही खुणा खोडल्या आणि खाली लिहिलं, 'दुपारी मी काहीच पाहिलं नव्हतं.' सही केली. शिक्का मारला. नोकरी जाणार हे ठाऊक होतं, आणि गेलीच. मालकाचा परवानाही गेला. दहा प्राणी मात्र तिथून सुटले.

भूत तिथेच राहिलं म्हणतोस? ऐक.

तो तक्ता माझ्याकडे आला. अकराव्या ओळीवर पाण्याचा डाग होता, ओला. मी पंख्याखाली धरला. उन्हात ठेवला. सहा उन्हाळे गेले.

मागच्या महिन्यात रिटायर होताना ती फाईल नव्या कारकुनाला दिली. मी काही बोललो नाही. त्याने ते पान उलटलं... आणि बोटं शर्टाला पुसली.