ओली गाठ

ही हकिकत घडलेली आहे. जिच्या बाबतीत घडली ती बाई हयात आहे. तिने ती स्वतःच्या तोंडाने सांगितली, आणि ऐकणाऱ्याला खुर्ची तिच्या अगदी जवळ ओढून बसावं लागलं, कारण तिला कुजबुजण्यापलीकडे बोलता येत नाही. ज्याला पटेल त्याने मानावी. ती कुणाच्या गळी उतरवण्याचा तिचा आग्रह नाही.

हिवाळ्यातला सोमवार, म्हणजे संग्रहालयाच्या सुट्टीचा दिवस. जागा, इमारतीच्या मागच्या अंगाची कापड-दुरुस्तीची खोली.

रात्र नव्हती. वारा नव्हता. दिवेही गेले नव्हते. लांब टेबलावर दुपारचं स्वच्छ ऊन पडलं होतं.

आणि टेबलावर एक उशी होती.

ती बाई दोन बहिणींतली धाकटी, म्हणून तिला धाकटीच म्हणू. जुनी वस्त्रं, निशाणं, पडदे यांची डागडुजी हे तिचं काम. भिंग, चिमटा आणि बोथट सुई ही तिची हत्यारं. संग्रहालयात सगळे तिला प्रेमाने ‘हळूबाई’ म्हणत. तपभरापूर्वी तिचा आवाज गेला तो गेलाच. डॉक्टरांनी घसा तपासला, पुन्हा तपासला, आणि दर वेळी एकच सांगितलं: घशात काही दोष नाही.

त्याआधी ती गात असे. साधंसुधं नाही. दूरच्या शहरातल्या एका नामांकित बाईंनी तिला शिकायला बोलावलं होतं, बॅग भरून तयार होती. निघायच्या दिवशी सकाळी ती उठली, ताईला हाक मारायला तोंड उघडलं...

नुसती हवा बाहेर आली.

आई त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. घरात दोघीच. ताई औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राही. पुढे सारी वर्षं धाकटीच्या वतीने जगाशी तीच बोलली. फोन तिने घेतले, भांडणं तिने केली, दुकानदारांशी घासाघीस तिने केली. “माझ्या एका जिभेला दोन माणसांचं काम आहे,” ती म्हणे, “झिजायची एखाद दिवस.” आणि धाकटी हसे. आवाज न करता.

संग्रहालयात तेव्हा नवं प्रदर्शन मांडलं जात होतं. विषय, जगातल्या धर्मांमधली जादू आणि चेटूक. त्याची जबाबदारी सरांवर होती. सर अभ्यासू आणि मनाने मऊ. कुठल्याही वस्तूला ‘अंधश्रद्धा’ म्हणून हिणवायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं.

“हे बघा हळूबाई,” ते एकदा म्हणाले, “कुठे उशीतल्या पिसांचं आपोआप कडं झालेलं सापडतं. कुठे चुलीखाली खिळे आणि केस भरलेली बाटली. कुठे शिशाच्या पत्र्यावर शत्रूचं नाव. प्रत्येक धर्माने चेटकाला शिव्या घातल्या, आणि प्रत्येकाच्या घरात ते मुकाट्याने नांदलं.”

“मग देवाचा धागा आणि चेटकाचा धागा, फरक काय?” तिने कुजबुजत विचारलं.

“वेदीसमोर बांधला तर नवस. उशीत बांधला तर करणी. धागा तोच, गाठही तीच.” ते चष्मा पुसत हसले. “फरक फक्त बांधणाऱ्याच्या मनात. आणि खूपदा त्यालाही तो कळत नाही.”

प्रदर्शनात एक झोपायची खोली उभी करायची होती. तिच्यासाठी सरांना जुनी, हाताने शिवलेली उशी हवी होती.

धाकटीला आईची उशी आठवली.

आई गाद्या-उशा शिवून घर चालवायची. दोघी मुलींना अक्षरांच्याही आधी तिने गाठी शिकवल्या. सोडायची असेल तिथे सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटणारी. सोडायची नसेल तिथे निरगाठ. आणि निरगाठ मारताना आई दोरा आधी जिभेवर ओला करी. “ओली गाठ वाळली की दगड होते,” ती सांगे, “मग ओढू दे कुणाला किती ओढायचं ते.”

ताई डावखुरी. तिची गाठ नेहमी उलटी बसायची. आई हसून म्हणायची, “हिची गाठ आरशात बघून मारल्यासारखी.”

आईची ती उशी ताईच्या ट्रंकेत तळाशी असे. ताई घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नेमाने उन्हात घाली. ती उशी मात्र कधीच नाही. धाकटीला वाटे, आठवण आहे, जपत असेल. ताई कामावर गेल्यावर तिने ती काढली. दोन दिवस सरांना दाखवू, परत ठेवू. विचारायला काय हरकत होती, हे तिला आजही सांगता येत नाही. कदाचित ताई ‘नाही’ म्हणेल हे आतून ठाऊक होतं.

तर, ऊन पडलेलं टेबल. उशी. धाकटीने पंखा बंद केला. पंख्याने तंतू उडतात. दार लोटलं. खुर्चीवर बसून भिंग उचललं.

आणि खोलीतला आवाज संपला.

कपाटावरच्या घड्याळाची टिकटिक नाही. बाहेरच्या रस्त्याची घरघर नाही. तिने खुर्ची सरकवून पाहिली. पाय फरशीवर घासले, पण ऐकू काहीच आलं नाही.

मग त्या शांततेत, अगदी खालून...

कुणीतरी गुणगुणत होतं.

तिने दाराकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. मग हळूहळू मान खाली नेली आणि कान उशीला लावला.

मुलीचा आवाज. कोवळा, स्वच्छ. सकाळच्या रियाजातली एक चीज. पहिली ओळ संपली. दुसरी सुरू झाली, आणि ओळीच्या मधोमध...

आवाजाने श्वास घेतला.

तिथे श्वास घ्यायचा नसतो. तिथे श्वास घेते म्हणून तिला लहानपणी गाण्याच्या वर्गात कितीदा बोलणी बसली होती. “श्वास चोरतेस,” असं बाई म्हणत.

तो तिचाच आवाज होता.

सुई हातात कशी आली ते तिला आठवत नाही. उशीची शिवण डावीकडे झुकलेल्या टाक्यांची होती. म्हणजे ताईची. एकही टाका उसवलेला नव्हता, टाक्यांमधली धूळसुद्धा हललेली नव्हती. ती कडेने उसवत गेली. पिवळ्या पडलेल्या कापसात तिची बोटं खोल शिरली, आणि दोर हाताला लागला.

बुटाच्या नाडीइतका जाड. पांढऱ्या सुतात केस वळून केलेला. केस तांबूस. आवाज गेला त्याच वर्षी तिने हौसेने केस तांबूस रंगवले होते. पुन्हा कधी नाही. रोज तिचे केस कोण विंचरायचं, हे तिला आठवून पाहावं लागलं नाही.

दोरावर ओळीने गाठी होत्या. पहिली तिने भिंगाखाली धरली.

उलटी. आरशात बघून मारल्यासारखी.

तिच्या पेशाचा पहिला नियम असा, की प्रत्येक गाठ वेगळी वाचायची. एकीवरून दुसरीचा अंदाज करायचा नाही. हाताखालच्या मुलींना ती हेच शिकवते. त्या दुपारी तिने एकच गाठ वाचली. पुढचं डोळ्यांत पाणी आल्यामुळे दिसलं नाही.

गुणगुणणं थांबलं होतं. घड्याळ चालू झालं होतं.

संध्याकाळी ताई घरी आली तेव्हा धाकटी स्वयंपाकघरात बसलेली होती. दिवा लावलेला. दोर टेबलावर, रुमालाखाली.

“अगं, चहा तरी टाकायचास,” ताई चपला काढत म्हणाली. “आज एकाने खोकल्याच्या औषधासाठी अर्धा तास डोकं खाल्लं. म्हटलं, बाबा, तुझ्यापेक्षा तुझा खोकला बरा.”

धाकटी हसली नाही. तिने रुमाल उचलला.

ताईचा हात चपलेपाशीच राहिला.

ताई म्हणाली, “उशी कुठे आहे?”

इतक्या वर्षांनंतर, एवढं सगळं समोर असताना, तिने पहिली चौकशी उशीची केली.

“सोड,” धाकटी कुजबुजली.

“ऐक तर माझं...”

“तू मारलीस. तूच सोड.”

ताई खाली बसली. तिने दोर हातात घेतला. उलट्या गाठीत तिने नख घातलं. नख मोडलं. मग तिने गाठ दातांत धरली, लहानपणी धरायची तशी, आणि मान हलवत हलवत सैल केली.

गाठ सुटली.

धाकटीच्या गळ्यात काहीतरी उघडलं. गार पाणी उतरावं तसं. तिने तोंड उघडलं, आणि तपभरानंतरचा पहिला शब्द मोठ्याने, खणखणीत बाहेर पडला.

“का?”

भांडी ठेवलेल्या फळीवर तो शब्द क्षणभर घुमला. दोघीही दचकल्या.

ताईने तोंड ओंजळीत लपवलं. “आई गेली. मग तू निघालीस. मी कुणाशी बोलायचं होतं गं? भिंतींशी?” ती रडत नव्हती, एकेक शब्द जड उचलून ठेवत होती. “मी प्रार्थनेला जायची तिथे एक म्हातारी बसायची. म्हणाली, वेदीसमोर गाठ मार, तिच्या पायाला बंध पडेल, जाणार नाही. पायाला म्हणाली. आवाजाचं बोलली नव्हती. देवाची शपथ. मी करणी नाही केली. मी नवस बोलले.”

“आणि नंतर? आवाज गेलेला दिसला तेव्हा? तेव्हा का नाही सोडलीस?”

ताईने मोडलेलं नख चाचपलं.

“तुझ्या त्या बाईंचा फोन आला होता,” ती शेवटी म्हणाली. “दोनदा. म्हणाल्या, आवाज नसला तरी पाठवा, वाद्य शिकवीन. मी सांगितलं, तिची इच्छा नाही.”

हे धाकटीला जास्त लागलं. चेटूक एक वेळ चेटूक म्हणून सोडून देता येतं. फोनवर बोललेलं ते वाक्य ताईने आपल्या शुद्धीत, आपल्या नेहमीच्या आवाजात म्हटलं होतं. आणि तेव्हा धाकटी बहुधा शेजारच्याच खोलीत होती.

“बाकीच्याही सोड,” ती म्हणाली. आवाज चिरकत होता.

“बाकीच्या कुठल्या?”

“ह्या. सगळ्या.”

ताईने दोर दिव्याखाली धरला. तिच्या कपाळावरची शीर हळूहळू वर आली.

“मी एकच मारली होती.”

“आता तरी खोटं बोलू नकोस.”

“एकच गं. मारली, उशीत घातली, शिवली. पुन्हा उघडली नाही. भीती वाटायची मला तिची.” तिने दोर धाकटीपुढे सरकवला. “तूच बघ ना. तुझं काम आहे ते. ह्या माझ्या आहेत का?”

धाकटीने पर्समधून भिंग काढलं.

दुसरी गाठ उलटी नव्हती.

तिसरीही नाही. एकही नाही. सगळ्या उजव्या हाताच्या, सगळ्या निरगाठी, दोन वेढ्यांच्या, टोक आत मुडपलेल्या. एकापुढे एक, जणू दर वर्षी कुणीतरी आठवणीने एकेक मारत गेलं होतं. दगडासारख्या वाळलेल्या.

ती पद्धत दोघींच्या ओळखीची होती. दोघी आईच्याच हाताखाली शिकल्या होत्या.

पण ताईने ती उशी शिवली, तेव्हा आईला जाऊन वर्ष होत आलं होतं.

“ताई,” धाकटीने हाक मारली...

नुसती हवा बाहेर आली.

तिने गळ्याला हात लावला. ताईने तिच्याकडे पाहिलं, मग दोराकडे. दोघींची नजर एकाच जागी गेली. जिथली उलटी गाठ ताईने नुकतीच दातांनी सोडली होती, जिथे आता सुताचा मोकळा, वाकडा भाग असायला हवा होता...

तिथे गाठ होती.

सुलटी. दोन वेढ्यांची. टोक आत मुडपलेलं.

धाकटीने बोट लावून पाहिलं.

गाठ ओली होती.

त्याच आठवड्यात धाकटीने ते घर सोडलं. संग्रहालयापासून जवळ एक खोली घेतली. ताई रविवारी फोन करते. दोघींच्या वाटचं बोलणं ती एकटीच बोलते, अधूनमधून “ऐकतेयस ना?” विचारते. धाकटी रिसीव्हरवर नखाने एकदा टकटक करते. ताईला तिने माफ केलंय का, हे तिला विचारलं. ती म्हणाली, ताईशी निदान भांडता येतं.

दोर आता प्रदर्शनात आहे. काचेच्या बंद पेटीत, खाली सरांनी पाटी लावली आहे: ‘गाठींचा दोर. कर्ता अज्ञात.’ धाकटीने त्यांना काही सांगितलेलं नाही. फक्त अलीकडे ते एकदा तिला बोलवायला आले होते. पेटीत ओल कुठून शिरते ते कळत नाही, म्हणाले. काच आतून धुरकट होते. तोंडाच्या उंचीवर, एवढीशीच.

ती रोज कामाला जाताना त्या दालनाला वळसा घालून जाते. पण सोमवारी, सगळीकडे सामसूम असते तेव्हा, पाय आपोआप तिकडे वळतात. पेटीतून गुणगुणणं ऐकू येतं. दुसऱ्या ओळीच्या मधोमध आता कुणी श्वास घेत नाही.

आईने ती चूक सुधारून घेतली असावी.

सांगून झाल्यावर ती उठली, निघायला म्हणून बुटांकडे वाकली, आणि वाकलेलीच राहिली. ती नेहमी सुरगाठ मारते. ऐकणाऱ्याने ते पाहिलं, आणि तेव्हापासून त्यालाही नीट झोप नाही.

डाव्या बुटाची नाडी निरगाठीने बांधलेली होती. त्या दिवशी सगळीकडे कोरडं ठणठणीत होतं.

नाडी टोकाशी ओली होती.