नाणं न टाकता

जवळ सरका. आणि मध्येच कोणी हसू नका. ही माझ्या सख्ख्या साडूची गोष्ट आहे, इकडची तिकडची ऐकीव नाही.

साडू इलेक्ट्रिशियन. टेस्टर कायम खिशाला, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणतात. फेब्रुवारीतला दुसरा गुरुवार. रात्री अकराला त्याच्या आतेबहिणीचा फोन आला. तिची चौकात लाँड्री आहे. तिथे नाणं टाकलं की कपडे वाळवून देणारं मोठं मशीन होतं.

"दादा, मशीन आपोआप सुरू होतंय रे. नाणं न टाकता. उद्या आठला दवाखान्याच्या चादरी द्यायच्यात."

"झुरळ शिरलं असेल. बिल त्यालाच लावू," म्हणत हा निघाला.

बहिणीने काचेचं दार उघडून दिलं, पण स्वतः बाहेरच थांबली. "मला आत बोलावू नकोस," एवढंच म्हणाली.

त्याने मशीन भिंतीपासून हातभर ओढलं, मागचा पत्रा काढला, मीटर लावून एकेक तपासत गेला. नाण्याने दबणारा स्विच, ठीक. दाराचा स्विच, ठीक. टायमरही ठीक. दोष सापडेना.

शेवटी त्याने मेन स्विच खाली ओढला. वीज गेल्याची खात्री केली. मोटरवरचा पट्टासुद्धा उतरवला. आता ड्रम फिरवायचा तर हातानेच.

भिंतीला पाठ लावून तो मशीनमागे उकिडवा बसला. बॅटरी हातात.

टण्...

पुढे, पेटीत, नाणं पडलं.

"अगं, तू टाकलंस का?"

त्याने मान वाकडी करून पाहिलं. काचेपलीकडे बहीण रस्त्याकडे तोंड करून उभी. दार बंद.

मग ड्रम हलला. अर्धा फेरा. थांबला. पुन्हा अर्धा... गरम वाफ तोंडावर आली. वीज नाही. पट्टा नाही.

बॅटरी खाली पडली.

आणि पाठीवर... वाकून बघताना आपण पुढच्याच्या पाठीवर हात टेकतो ना, तसा हात टेकला. ऊबदार. भार हळूहळू वाढला...

मागे तर भिंत होती.

तो हत्यारं टाकून रांगत बाहेर आला. बहिणीने त्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता दुकानाला कुलूप घातलं. दवाखान्याचं काम सुटलं. महिन्याभरात मशीन भंगारात गेलं.

घरी पोचला तेव्हा दीड वाजला होता. शर्ट घामाने चिंब. माझ्या मेहुणीने तो दिव्याखाली धरला.

"अहो... पाठीवर हे काय?"

सगळा शर्ट ओला. मधोमध एक पंजा तेवढा कोरडा. पाचही बोटं सुटी सुटी.

तिने शर्ट रात्रभर बादलीत बुडवून ठेवला. सकाळी तेच.

अजून आहे तो शर्ट. गेल्या महिन्यात मी स्वतः त्यावर तांब्याभर पाणी ओतलं...

शर्ट भिजला. बोटं नाही भिजली.