शेवंतीचं पोट आणि लाख दूर्वा

प्रेमकथेतल्या नायकानं पहिल्या भेटीत काय बोलावं, याचे काही संकेत आहेत. कमलाकांतला ते कुणी सांगितले नव्हते. अमरावतीला मालटेकडीच्या रस्त्यावर, श्रावणातल्या एका ऊनपावसाच्या सकाळी, त्यानं सायकल आडवी टाकली आणि टांग्यात बसलेल्या अनोळखी तरुणीला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं —

"लीद कधी टाकली?"

अनसूयेनं छत्री मिटली. मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवत असे आणि आगाऊपणा बंद पाडायची तिला सवय होती. "हे... मला विचारताय?"

"घोडीबद्दल विचारतोय."

घोडी रस्त्याच्या मधोमध थांबून पुढच्या पायानं माती उकरत होती, मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघत होती आणि आता लोळते की मग, अशा बेतात होती. घरचा टांगा हाकणारे अब्दुल गफ्फार लगाम धरून तिची समजूत घालत होते, "चल शेवंती, अच्छी बेटी."

"लोळू देऊ नका! आधी टांगा सोडा. चालवा तिला... हळू." कमलाकांतनं घोडीच्या पोटाला कान लावला आणि डोळे मिटले. पावसाचे चार थेंब त्याच्या पापण्यांवर थांबले. पुरुषाचा चेहरा इतका हळवा झालेला अनसूयेनं प्रथमच पाहिला. तो घोडीसाठी झालाय, हे जरा खटकलंच.

"काल काय खाल्लं हिनं?"

"वडाळीच्या तलावावर सोडली होती," गफ्फारचाचा म्हणाले. "हिरवंगार गवत आलं ना साहेब. उन्हाळाभर बिचारीनं वाळकं चावलं. म्हटलं, खा बेटी."

"आणि बेटीनं खाल्लं."

"मस्त! पोट फुटेस्तोवर."

"फुटायचंच राहिलंय."

"तुम्ही डॉक्टर आहात?" अनसूयेनं विचारलं.

"गुरांच्या दवाखान्यात नवा आलोय."

"माणसांचे का नाही झालात?"

"माणसं सांगितलेलं ऐकत नाहीत," कमलाकांत म्हणाला. जनावरं माणसांच्या घरी राहतात, ही गोष्ट बहुधा त्याला कॉलेजात शिकवायची राहिली होती.

शेवंती त्या दिवशी वाचली. पण संध्याकाळी अंबापेठेतल्या घरी अनसूयेच्या वडिलांनी, म्हणजे चिंतामणराव वकिलांनी, आरामखुर्चीतून निकाल दिला. "घोडी आणखी एकदा पडली की विकली. घोडी गेली की शाळा बंद, भाड्याच्या टांग्यात आपली मुलगी बसायची नाही. आणि शाळा बंद झाली की अकोल्याला होकार." अकोल्याला एक स्थळ होतं. त्यांचा सरकीचा कारखाना होता, स्वतःची मोटार होती, आणि मुलानं फोटोही मोटारीला टेकूनच काढला होता. दसऱ्यापर्यंत उत्तर द्यायचं होतं.

युक्तिवादात फट नव्हती. अनसूयेची नोकरी, तिचा भूगोल, तिची मर्जी, सगळं आता एका घोडीच्या आतड्यावर येऊन ठेपलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी तिनंच डॉक्टरला बोलावणं धाडलं. तो आला, तबेल्यात उभा राहिला आणि मुलांना समजावं तसं सांगू लागला. "हिचं पोट उन्हाळाभर वाळकं पचवायला सरावलंय. हिरवं पचवणं त्याला नव्यानं शिकावं लागतं. सकाळी उपाशीपोटी हिरवं अजिबात नाही. आधी पोटभर वाळलं गवत, मग मूठभर हिरवं. रोज थोडं थोडं वाढवायचं. कळलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्या मनापासून माना डोलावणारं घर त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि तिथंच त्यानं सावध व्हायला हवं होतं.

चार दिवसांनी पोट ढोलासारखं. वाळलं वाढवलं, हिरवं बंद केलं. तरी ढोल.

"कुणीतरी चारतंय," कमलाकांत दात आवळून म्हणाला.

"माझ्याकडे का बघता?"

"तुमच्याकडे बघायला... म्हणजे, बघत नाहीये. विचारतोय."

"मी सांगितलं तेवढंच देते. तुमचं औषधच चुकत असेल."

"मी औषध दिलेलंच नाही!"

"तेच तर म्हणते."

गफ्फारचाचांनी मुलाबाळांची शपथ घेतली. वकिलांनी, आपण फक्त मक्याच्या कणसांची सालं घातली आणि सालं म्हणजे काही गवत नव्हे, असा मुद्दा मांडला. कमलाकांतनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं. घोडी मात्र त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून डुलक्या घेत होती. या घरात आपलं ऐकणारं तेवढंच एक आहे, असं त्याला वाटलं.

अखेर एका पहाटे तो तबेल्यातच येऊन बसला. उजाडलं. गफ्फारचाचा अजून आले नव्हते. आणि ओल्या लुगड्यात, स्तोत्र पुटपुटत, अनसूयेची आत्या माणिकबाई आली. हातात टोपली, टोपलीत दूर्वा. हिरव्यागार, लुसलुशीत, दवानं भिजलेल्या. शेवंतीनं घरच्यासारखं तोंड पुढं केलं.

"आत्याबाई! काय करताय हे?"

"आग्गो बाई! डाक्तर, तुमी हितं काहून लपले?"

"घोडीला हिरवं घालू नका म्हणून मी घसा कोरडा केला..."

"हे कुठं हिरवं हाय?" माणिकबाईनं त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "हे निर्माल्य हाय."

चातुर्मासात माणिकबाईनं गणपतीला लाख दूर्वा वाहण्याचं व्रत धरलं होतं. माळी रोज भाराभर दूर्वा आणी. त्यातले कोवळे तुरे देवाला, उरलेलं टोपलीत, आणि आदल्या दिवशीचं उतरलेलंही टोपलीत. देवाचं ते पायदळी जाता कामा नये. गाय होती ती विकलेली. मग घरात तोंड असलेलं, चार पायांचं, आणि हरकत न घेणारं कोण? शेवंती. तीही उपाशीपोटी, कारण पूजा पहाटे उरकायची असते.

"विहिरीत सोडा."

"पिण्याच्या पाण्यात?"

"मग व्रत दसऱ्यानंतर..."

"डाक्तर, हे व्रत पोरीचं लग्न जमावं म्हणून हाय. मंधातच सोडू? आन् अडलं पोरीचं त तुमी निस्तरता का?"

कमलाकांतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या अनसूयेनं हसू आवरायला पदर तोंडाशी नेला, पण डोळे उघडेच राहिले, आणि त्यानं नेमके तेच पाहिले...

"मी नेईन," तो म्हणाला. "रोज. दवाखान्यात गाई आहेत, त्यांना घालीन. हिला सोसेल तेवढं हिला, उरलेलं मी नेणार."

अशा रीतीनं, सरकारी पगार घेणारा एक शिकलेला पशुवैद्य रोज सकाळी सायकलला टोपली बांधून अंबापेठेत येऊ लागला, आणि अनसूयेचं लग्न अकोल्याला जमावं म्हणून वाहिलेलं निर्माल्य कॅम्पातल्या दवाखान्यापर्यंत वाहून नेऊ लागला. याचा विचार तो वाटेत करी आणि सायकल जोरात हाणी.

पुढचा हिशेब शेवंतीच्या आतड्यानं ठरवला. तिला सोसू लागलं तसा तिचा वाटा वाढला. तिचा वाढला तसा डॉक्टरचा घटला. भाद्रपदात टोपली अर्धी झाली. मग दूर्वा तळाशी गेल्या. आश्विनात तो येई आणि मूठभर दूर्वा रुमालात बांधून नेई.

"एवढ्यासाठी येता कॅम्पातून?" अनसूयेनं एकदा विचारलं. तिच्या केसांतून न्हाण्याचा शिकेकाईचा वास येत होता.

"गाई वाट बघतात."

"मुठीची?"

"...फार प्रेमळ आहेत."

"घोडी सोडून दुसरं काही बोलता येतं का हो तुम्हाला?"

"येतं की."

"बोला मग."

तिनं घोडीच्या आयाळीत बोटं फिरवली. आयाळीच्या दुसऱ्या बाजूनं त्याची बोटं होती, ती जागीच थांबली. "पाणी..." तो म्हणाला, "पाणी दाण्याच्या आधी पाजता ना?"

अनसूयेनं घमेलं आपटलं आणि ती घरात निघून गेली.

दसऱ्याला शेवंतीला झेंडूची माळ घातली. पूजेला सगळे जमले असताना वकिलांनी विचारलं, "बोला डॉक्टर. घोडी बरी झाली, की अजून यावं लागेल तुम्हाला?"

कमलाकांतनं शेवंतीकडे पाहिलं. बरी झाली म्हटलं, तर उद्या इथं यायला कारण उरत नव्हतं. नाही म्हटलं, तर घोडी विकली जाणार, शाळा बंद, आणि मोटारीला टेकलेला तो... अनसूया माळेच्या गाठीकडे बघत होती.

"ठणठणीत आहे," तो म्हणाला. "आता कितीही हिरवं घाला. माझी गरज नाही."

"मग शब्द म्हणजे शब्द. शाळा चालू राहील. अकोल्याचं तिचं तिनं ठरवावं."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही. "गेला वाट्टे गाईंले विसरून," माणिकबाई म्हणाली. शाळा सुटल्यावर अनसूयेनं टांग्यात बसूनच फर्मावलं, "चाचा, गुरांच्या दवाखान्यात."

"घोडीले काही झालं?"

"घोडी बरी आहे. हाका."

कमलाकांत धावतच बाहेर आला. "काय झालं? पोट?"

"पोट छान आहे! सगळ्यांची पोटं छान आहेत!" अनसूया ओरडलीच. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अकोल्याला नकार कळवला. आता बाबा विचारतात, मग मनात दुसरं कोण आहे. मी काय सांगू?"

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"टांग्यात बसा," ती म्हणाली. "घरी पोचेपर्यंत आठवेल."

निम्म्या वाटेवर मागच्या सीटवर अजून शांतताच होती. गफ्फारचाचांनी कडेला हिरवळ बघून टांगा थांबवला, शेवंतीला सोडलं आणि बिडी काढली. "वकीलसाहेबाच्या दारात असे मुके जाऊन राहिले का? तुमचं होऊ द्या. तवरिक चरते ते."

आश्विनातलं ऊन कलतं होतं. गवत ताजं होतं, गुडघाभर.

"अनसूयाबाई," कमलाकांत म्हणाला, "मला... त्या मुठीचं काही नव्हतं. गाईंचंही नव्हतं. मला तुम्ही रोज दिसायला हव्या होत्या. आयुष्यभर चालेल का?"

"किती वेळ लावलात," ती वैतागून म्हणाली, आणि सीटवर टेकलेला हात तिनं त्याच्या हातावर ठेवला. "चालेल."

शेवंती अधाशासारखी हिरवं खात सुटली होती. किती खातेय, इकडे डॉक्टरचं लक्ष नव्हतं.