माणसांसमोरचा आकडा

डॉक्टरसाहेब, तुम्ही कागद बघितलात. माणूस बघितला नाहीत. वर मलाच मेमो दिलात की रुग्णाशी जवळीक केली, म्हणून त्याचा आकडा संशोधनातून वगळा. कसली जवळीक ते आता सगळ्यांसमोर सांगते.

मी क्रांती, कोडोलीची. तुमच्याच हाडांच्या वॉर्डात नर्स होते आणि नर्सिंगच्या पदवीसाठी दुखण्यावर प्रबंध लिहीत होते. दर फेरीला पेशंटला विचारायचं, दुखतंय किती? शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. चार किंवा वर गेलं की औषध द्यायचं आणि थोड्या वेळानं फिरून येऊन परत विचारायचं.

दोन हजार तीनचा उसाचा हंगाम होता. खिडकीतनं बावड्याच्या साखर कारखान्याचा गोड-आंबूस वास आत यायचा. नेसरीचा बसवेश उसाच्या ट्रॉलीखाली नडगी मोडून आला आणि माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाला,

"परीक्षा हाय काय, सिस्टर?"

"व्हय. नापास झाला तर सुई."

"मग चार घाला. काठावर पास."

दुसऱ्या दिवशी परत चार. मी म्हटलं, "मगाशी तर तीन सांगितलं."

"मगाशी तुम्ही शेजारच्याच खाटंवर थांबणार होता. आता निघालाय."

"खोटा आकडा सांगितला तर माझा अभ्यास बुडंल."

"मग खरं सांगतो. तुम्ही आला की एक, गेला की चार. कुठला लिवताय?"

"दोन्ही," मी म्हटलं आणि पुढच्या खाटेकडे वळले... पण कान मागंच राहिले. घरी गेले तरी जीव थाऱ्यावर नव्हता. भाकरी थापताना हात थांबायचा. आपण कशाला हसलो, म्हणून स्वतःवरच राग यायचा, आणि ड्युटीला निघताना वेणी दोनदा सोडून घालायचे.

सूज उतरल्यावर सकाळी भूल देऊन त्याच्या पायाला मांडीपर्यंत पक्कं प्लास्टर घातलं. संध्याकाळी भेटायच्या वेळेला नेसरीहून जीपभर माणसं आली. वडील भरमाप्पा, चुलते, तालमीतली पोरं. खाटेभोवती रिंगण.

"किती दुखतंय?"

"दोन."

चेष्टा नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उशीचं टोक मुठीत आवळलेलं, कपाळावर घाम. मी त्याच्या पायाचा अंगठा जरासा वर उचलला तर त्यानं डोळे घट्ट मिटले.

भरमाप्पा म्हणाले, "बाई, आमच्या घरात दुखतंय म्हणायची रीत न्हाय."

तेवढ्यात तुमचा राउंड आला. मी म्हटलं, साहेब, पाय बघा. तुम्ही तक्ता बघितला. "तुम्हीच दोन लिहिलंय. सकाळी बघू." आणि निघालात.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. भरमाप्पा हलेनात. "मी बाप हाय त्याचा."

"म्हणूनच. भाईर चला."

दार लागल्यावर मी परत विचारलं. बसवेशनं आधी दार नीट लागलंय का बघितलं. मग म्हणाला, "दहा... दहाच्या वर काय असतंय, सिस्टर?"

आत पाय सुजत होता आणि प्लास्टर जागा देत नव्हतं. असं झालं की रक्त थांबतं, आणि रक्त थांबलं की पाय जातो. मी पळाले. तुम्ही गाडीत बसत होता.

"तो नखरे करतोय," तुम्ही म्हणालात. "सगळा वॉर्ड हसतोय तुम्हा दोघांवर."

"हसू द्या. पाय काळा पडल्यावर कोण हसणार, ते सांगा."

तुम्ही गाडी चालू केलीत. मी समोर उभी राहिले. हॉर्न वाजला, मी हलले नाही. तुम्ही शिव्या घालत परत आलात, अंगठा उचललात आणि प्लास्टर कापायची करवत मागवलीत. प्लास्टर उभं चिरलं तेव्हा बसवेश हुंदके देऊन रडला. दाराशी बाप भिंतीकडे तोंड करून उभा होता. "अजून उशीर झाला असता तर गेलाच होता," हे तुम्हीच म्हणालात. मेमो त्यानंतरचा.

जवळीक? होती. नसती तर मीही दोन लिहून पुढं गेले असते. त्याचा आकडा मी काढला नाही. उलट त्यानंतर प्रत्येक पेशंटला दोनदा विचारलं, माणसं असताना आणि माणसं बाहेर काढून. फरक प्रबंधात आहे. वाचा.

सुट्टी मिळाली तेव्हा बसवेश बापाच्या मागनं कुबडी टेकत गेला. "येतो, सिस्टर," एवढंच. मी त्या दिवशी एका बाईचं सलाईन लावताना तीनदा शीर चुकवली.

तपासणीला तो एकटाच एस्टीनं आला. ओपीडीच्या जिन्यात कुबडी सावरत म्हणाला, "क्रांती... मला तुमच्याशी लगीन करायचं हाय."

हात धरावासा वाटला. विचारलं मात्र वेगळंच. "घरात सांगितलंय?"

"आम्ही लिंगायत, तुम्ही मराठा... बाबा काय म्हणतील... सवड बघून सांगतो की."

सवड. रात्रभर हा एक शब्द मला टोचत राहिला. सकाळी रजा टाकली आणि नेसरीची एस्टी धरली.

अंगणात भरमाप्पा, चुलते, तालमीतली पोरं चहा पीत बसली होती. बसवेश पाय लांब करून बाजेवर. मला बघून त्यानं हातातली बशी खाली ठेवली.

त्याची आई, गौराबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आली. "या बाई. पाय बघायला आलाय व्हय?"

"न्हाय, अव्वा. माणूस बघायला आलोय."

पोरं खुसखुसली. भरमाप्पांनी कप खाली ठेवला.

मी बाजेसमोर उभी राहिले.

"बसवेश, जिन्यात सांगितलेलं मी धरत न्हाय. बाबा हायत, चुलते हायत, सगळं गाव हाय. तुम्हाला मी पायजे का न्हाय? ह्यांच्यासमोर सांगा. न्हाय म्हणालात तरी चालंल, मी रडत का हुईना पण एस्टीनं परत जाईन. पण गप्प बसायचं न्हाय. बोला."