आये, हात काढ

पटत नसेल त्यानं इथंच थांबावं. नूतन माझी सख्खी मावसबहीण, थापा मारणाऱ्यातली नाय ती. कासूजवळच्या आमच्या तळ्यावर, गेल्या चैत्रात घडलेलं आहे हे.

रात्र नव्हती. लख्ख दुपार होती. म्हणूनच जास्त भीती वाटते.

नूतनचं काम तळ्याचं पाणी बाटलीत भरून पेणला तपासायला द्यायचं. विषारी शेवाळ आधी वरच्या थरात धरतं, म्हणून मुद्दाम वरचंच पाणी घ्यायचं.

आणि तिची आई, मालूमावशी, जन्मभर उलटं करायची. हंडा बुडवण्याआधी पंजानं वरची घाण बाजूला लोटायची. "वरचं सारावं गो, खालचं भरावं." आदल्या दिवाळीआधी काविळीनं गेली बिचारी.

त्या दुपारी तळ्यावर हिरवी साय धरली होती. नूतन वाकली, बाटली पाण्याला टेकवली...

साय बाजूला झाली.

वारा नाय, मासा नाय. कुणीतरी हातानं सारावी तशी सरकली. बाटली भरली ती नितळ.

पेणहून निरोप आला, पाण्यात दोष नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या दाजींची पाडी तळ्यावर पाणी प्यायली आणि तोंडाला फेस येऊन मेली. नळ आटलेले, अख्खा गाव त्याच पाण्यावर. पाणी पिऊ नका म्हणून नूतन सांगून सांगून दमली.

"पोरी, रिपोर्ट तर चांगला हाय," दाजीच म्हणाले. "उगाच कशाला बोंब मारतेस?"

ती परत तळ्यावर गेली. जागा बदलली, काठ बदलला. बाटली टेकवली की...

चुळुक. चुळुक.

पाणी सारल्याचा आवाज. लहानपणापासून ऐकलेला.

तिला रडूच फुटलं.

"आये..."

आवाज थांबला.

"आये, हात काढ गो. मला घाणच पायजे. नायतर गावातली पोरं मरतील."

तिनं बाटली तशीच टेकवून धरली. मग साय हळूहळू मिटली. बाटली हिरवीगार भरली.

पेणला त्या बाटलीत विष सापडलं. तळं बंद झालं, टँकर आला, गाव वाचला. दाजींनी तिला नारळ दिला, माफी मागितली.

कोण होतं, काय होतं, देव जाणे. मी त्या काठाला अजून एकटी उतरत नाय.

नूतन मात्र जाते. बाटली टेकवते, थांबते. पाणी आता बाजूला होत नाय.

परवा माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. "आये गेली तेव्हा मी कामावर होते गो, दोन शब्द बोलता आले नाय. आणि एवढी परत आली, तर मी तिला काय म्हटलं? हात काढ."