दोन ठोके, पाणी सोड

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर ही गोष्ट मी चारचौघांत काढत नाही. धंद्याला बरं नसतं. लोकांना नळ दुरुस्त करणारी बाई हवी असते, भुतं हाकलणारी नको. आणि मी भुतं हाकलत नाहीच. त्या दिवशीसुद्धा मी फक्त वॉशर बदलायला गेले होते.

दुरुस्तीची गाडी माझी आणि माझ्या धाकट्या दिरांची. नवऱ्याला गळका नळ दिसला की तो खाली बादली ठेवतो आणि मला हाक मारतो, म्हणून हा उद्योग आम्ही दोघांनीच अंगावर घेतला. कुणाच्याही दारात उभी राहिले की लोक माझ्या खांद्यावरून मागे बघतात आणि विचारतात, "प्लंबर कुठाय?" मी म्हणते, "तुमच्याशीच बोलतेय." मागे भावजी हत्यारांची पेटी धरून दात काढत असतात.

एक सांगून ठेवते, म्हणजे पुढचं कळेल. दुमजली घरात भावजी खाली अंगणात मुख्य व्हॉल्व्हपाशी थांबतात आणि मी वर नळ खोलते. ओरडून घसा बसतो. फोन ओल्या हातात घ्यावा तर तो कमोडमध्येच जातो, माझा एक गेलाच आहे. म्हणून आमचे ठोके ठरलेले आहेत. मी पान्याने पाइपवर एक ठोका दिला की त्यांनी पाणी बंद करायचं, दोन दिले की सोडायचं. जुन्या लोखंडी पाइपातून आवाज सरळ खाली जातो. इतकी वर्षं हेच चाललंय, कधी गफलत झाली नाही.

ते घर एका रांगेतल्या सारख्या दिसणाऱ्या घरांत अगदी शेवटचं होतं. पलीकडे मोकळं रान. भरदुपार होती, पण आभाळ असं दाटून आलं होतं की आत शिरल्यावर मी आधी दिव्याचं बटण शोधलं. दारातच एक सुटकेस बांधून ठेवलेली, तिला टेकून काठी. स्वयंपाकघराच्या छताला ओलीचा मोठा डाग, मधला गिलावा निखळून पडलेला. खालच्या बैठकीत, आरामखुर्चीत, बाहेर जायचे कपडे घालून एक म्हातारी बाई बसल्या होत्या. नीट केस विंचरलेल्या, मांडीवर पर्स.

"वरच्या न्हाणीघरातनं पाणी झिरपतंय," त्यांचा मुलगा म्हणाला. डोळ्यांखाली काळं, आवाज बसलेला. "आई नळ उघडे टाकते. रोज रात्री. सगळे नळ नीट करून टाका ताई, आता आजपासून तो त्रास राहणार नाही."

"कुठे निघालात काकू?" मी खुर्चीकडे बघून विचारलं.

उत्तर मुलाच्या मागे उभ्या असलेल्या सूनबाईंनी दिलं, खाली बघत. "वृद्धाश्रमात. थोड्या वेळात गाडी येतेय."

"मला आठवतच नाही गं," काकू मला म्हणाल्या. "कधी उठते, कधी नळ सोडते... काही म्हणजे काही आठवत नाही. पण हा म्हणतो, तर करतच असेन."

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय आई," मुलगा म्हणाला. तो रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. पण लोकांच्या घरात नाक खुपसणं हे आपलं काम नव्हे, म्हणून मी पेटी उचलली आणि जिना चढले.

वरचं न्हाणीघर लांबट, अरुंद. एका टोकाला छोटी खिडकी. जुने फिरकीचे नळ, बेसिनचा, शॉवरचा, खालचा. वास मात्र विचित्र होता. शेवाळाचा नाही, गटाराचा नाही. भिजलेले कपडे कपाटात बंद करून विसरले की येतो तसला. मी खालचा नळ उघडला, पाणी वाहू दिलं आणि पाइपवर ठोका दिला. एक.

पाणी बंद झालं. मी नळ खोलला, वॉशर बदलला, टेप गुंडाळली, परत बसवला. दोन ठोके. पाणी आलं. थेंबही गळत नव्हता. मग एक ठोका, बेसिन. दोन ठोके, पाणी. भावजी आज भलतेच चपळ झालेत, असं माझ्या मनात आलं. एरवी दोन ठोक्यांनंतर ते आधी कान खाजवतात, मग व्हॉल्व्हला हात लावतात. आज दुसऱ्या ठोक्याचा नाद पाइपात घुमत असतानाच पाणी हजर होत होतं. म्हटलं, घरी जाऊन जाऊबाईंना सांगायला हवं, तुझा नवरा सुधारला.

शॉवरसाठी एक ठोका दिला, आणि मान मोकळी करायला खिडकीपाशी गेले. खाली रस्त्यावर आमची गाडी नुकतीच येऊन थांबत होती. दार उघडून भावजी उतरले. हातात हार्डवेअरच्या दुकानाची पिशवी.

"भावजी!" मी खिडकीतून ओरडले. "कुठे होतात?"

"अहो वहिनी, तुमचा पहिला ठोका आला, मी पाणी बंद केलं आणि व्हॉल्व्हची मूठ तुटून हातात आली. नवी आणायला गेलो होतो. दुकानात ही गर्दी!"

"मग पाणी कोण... सोडतंय?"

"कोण सोडणार? बंद आहे ना. मूठच नाही तर सोडणार कसं?"

त्या घराला वर टाकी नव्हती. पाणी थेट रस्त्याच्या लाइनवरून यायचं, आणि त्या लाइनला एकच व्हॉल्व्ह. मी खिडकीला पाठ लावून उभी राहिले. बेसिनच्या नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता. पडत नव्हता. तो वास आता इतका जवळ आला होता की मी नाकाला ओढणी लावली. खोटं कशाला बोलू, मला पळून जायचं होतं. पण जिना त्या बेसिनच्या पलीकडे होता.

भावजी धापा टाकत वर आले. मी त्यांना दारातच थांबवलं. "हात वर करा. दोन्ही."

"वहिनी, बरं नाहीये का?"

"करा म्हणते ना."

त्यांनी हात वर केले. मी पान्याने दोन ठोके दिले.

आधी पाइपात काहीतरी सरकल्यासारखं झालं. मग आमच्या दोघांच्या देखत बेसिनच्या नळाची फिरकी हळूच फिरली. घाईने नाही. सवयीच्या हाताने फिरवावी तशी. आणि धो धो पाणी सुरू झालं. मी बोट लावलं. कोमट होतं, अंगाइतकं कोमट.

"वहिनी..." भावजी कुजबुजले. "चला... चला इथून..."

मी एक ठोका दिला. फिरकी उलटी फिरली. नळ बंद.

आता माणसाचं मन कसं असतं बघा. मी दाराकडे पाऊल टाकलंच होतं, आणि त्याच वेळी मला एकदम खाली बसलेल्या काकू आठवल्या. मांडीवर पर्स घेऊन. करतच असेन, म्हणत. माझ्या अंगातून भीती उतरली आणि असा संताप चढला, काय सांगू! जे काही होतं ते माझे ठोके ऐकत होतं. माझं ऐकत होतं. मग आता ऐकवतेच, म्हटलं.

खाली आले तर फाटकाशी वृद्धाश्रमाची गाडी लागली होती. तिथल्या बाई सुटकेसला हात घालत होत्या, मुलगा आईचा दंड धरून तिला उठवत होता.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की भावजीही दचकले. "कुणी हलायचं नाही. सूनबाई, सासूबाईंचे हात धरा. दोन्ही. घट्ट. दादा, तुम्ही स्वयंपाकघरातल्या नळासमोर उभे राहा. भावजी, ती तुटकी मूठ दाखवा सगळ्यांना. घराचं पाणी बंद आहे, कळलं? थेंब येता कामा नये."

"ताई, हे काय चाललंय?" मुलगा वैतागला.

"काम चाललंय," मी म्हटलं, आणि ओट्याजवळून जाणाऱ्या पाइपवर दोन ठोके हाणले.

घरभर नळ उघडले. ओट्यावरचा, वरच्या मजल्यावरचे, मागच्या अंगणातला, सगळे. मुलाच्या नाकासमोर फिरकी गरागरा फिरली आणि त्याचा शर्ट भिजला.  वरून जिन्यावर पाण्याचा पहिला ओघळ उतरला. वृद्धाश्रमाच्या बाईंच्या हातातून सुटकेस पडली.

"काकूंचे हात कुठे आहेत?" मी विचारलं.

"माझ्या... माझ्या हातात," सूनबाई म्हणाल्या.

मी एक ठोका दिला आणि घर गप्प झालं. इतकं गप्प की सुटकेसच्या बिजागरीची करकर ऐकू आली.

"आण तो इकडे," काकू म्हणाल्या. त्यांनी सुनेच्या हातातून आपले हात सोडवून घेतले होते आणि माझ्याकडे पान्यासाठी हात पसरला होता. पाना जड असतो, त्यांचं मनगट काडीसारखं. पण त्यांनी तो उचलला, पाइपापाशी गेल्या आणि दोन ठोके असे दिले की मीही इतक्या वर्षांत दिले नसतील. धो धो पाणी. एक ठोका, बंद. दोन, एक, दोन, एक! त्या हसत होत्या. चष्म्यावर पाणी उडालं होतं, नीट विंचरलेले केस सुटले होते, आणि त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या. मग एकदम थांबल्या आणि मुलाकडे वळल्या.

"मी नव्हते रे," त्या म्हणाल्या. "मी नव्हतेच!"

मुलगा तिथेच ओल्या फरशीवर बसला आणि त्याने आईचे पाय धरले. मी आजवर कैक घरांचं तुंबलेलं पाणी मोकळं केलंय, पण त्या दिवशी जे मोकळं झालं त्याची सर कशालाच नाही. भावजींनी वृद्धाश्रमाच्या बाईंना फाटकापर्यंत पोचवलं. त्या मागे वळूनही न बघता गाडीत बसल्या. सूनबाईंनी सुटकेस उघडून सासूच्या साड्या एकेक करून खुर्चीच्या पाठीवर टाकल्या. मी तर हवेतच होते. लढाई जिंकून आल्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी होते आणि भावजींना म्हणत होते, "बघितलंत?"

मग फरशी पुसता पुसता मुलाचा हात थांबला.

"पण आई... मी बघायचो ती कोण?"

"कोण रे?"

"रात्री बेसिनपाशी. पाठमोरी. तुझाच राखाडी गाऊन, तुझीच वेणी. मी तुला हाताला धरून तुझ्या खोलीत न्यायचो. पलंगावर झोपवायचो. पांघरूण घालायचो..."

काकूंनी डोळे बारीक केले. "मला? मी रात्रीची वर असतेच कुठे? आडवं झालं की मला धाप लागते. तुम्ही झोपलात की मी खाली येऊन या खुर्चीत बसते, इथेच डोळा लागतो. उजाडायच्या आत परत वर जाते. तुम्हाला घोर नको म्हणून बोलले नाही."

सूनबाईंच्या हातातली साडी तशीच राहिली. "सकाळी तुमची गादी ओली असायची आई. मी तुम्हाला किती बोलले..."

"मला वाटलं, वय झालं," काकू म्हणाल्या.

मुलगा आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. "काल पांघरूण घालताना मी तिला म्हटलं, उद्या तुला न्यायला येणार आहेत. तर म्हणाली... 'तिला पाठव. मी आहे ना इथे.' मला वाटलं, भ्रमात बोलतेय..."

 वरच्या मजल्यावरून तो भिजल्या कपड्यांचा वास जिन्याने खाली येत होता. मला वाटलं, आता ही म्हातारी कोसळणार. मी पुढे झाले.

पण काकूंचा चेहरा लाल झाला होता. "माझ्या खोलीत?" त्या म्हणाल्या. "माझ्या पलंगावर?" त्यांनी काठीसुद्धा घेतली नाही. कठडा धरून ओल्या पायऱ्या चढू लागल्या. "माझ्या घरातनं मला काढते?" आम्ही सगळे त्यांच्या मागे. पुढे जायची छाती एकाचीही नव्हती, माझीही नाही.

खोलीचं दार आतून बंद होतं. काकूंनी त्यावर तळहात आपटला. "उघड! खोली माझी आहे!"

आतून कडी सरकली.

दार काकूंनीच ढकललं. आत कुणी दिसलं नाही. पलंगावर पांघरूण नीट वरपर्यंत ओढलेलं होतं, जसं एखाद्याला मायेने घालावं तसं, आणि उशी मधोमध दबलेली होती. मुलाने हुंदका दिला. काकू सरळ पलंगापाशी गेल्या, पांघरुणाचं टोक धरून ते बाजूला फेकलं आणि कमरेवर हात ठेवून त्या ओल्या गादीकडे बघत राहिल्या.

"सरक," त्या म्हणाल्या, आणि बसल्या.

पलंगाची पलीकडची बाजू करकरली.