रामबाई कुठं होती

मंगळवारी सकाळी सात वाजता मी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेहून, माझ्या घरून, मोटरसायकल काढली. आदल्या दिवशी दुपारी हिंगणीवर चक्रीवादळ आलं होतं आणि तेव्हापासून बाईचा फोन लागत नव्हता.

बाई म्हणजे रामबाई, माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ती सतरा. वनखात्याच्या रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरून तिनं मला शिकवलं. आज मी तलाठी आहे. पंचनामा करताना डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं, ही सवय आता अंगात मुरली आहे.

सेलूपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. हिंगणी जवळ आली तसा ओल्या लाकडाचा वास येऊ लागला. वादळ गावातून जेमतेम शंभर पावलांच्या पट्ट्यानं गेलं होतं. पट्ट्यातले कडुलिंब पिळून टाकलेल्या लुगड्यासारखे दिसत होते. मी ज्या शाळेत शिकलो तिच्या छपराचा पत्रा विजेच्या खांबाला गुंडाळला गेला होता. आणि पट्ट्याबाहेर, दहा पावलांवर, एका अंगणात दोरीवरचे कपडे तसेच वाळत होते.

बाईचं घर उभं होतं. दाराला कडी होती. शेजारचे जंगलूबाबा बाहेर दगडावर बसले होते. त्यांच्या पाठीमागे घराच्या जागी मातीचा ढीग होता.

"बाबा, बाई कुठं गेली?"

"रोपवाटिकेत. पहाटंच गेली, झाडं उचलाले." मग ते म्हणाले, "मी जिता हावो तो तिच्यामुळं, पोरा. खाटेवर पडलो होतो. वावधन आलं अन् ती दारात उभी. हात धरला, बाहेर नेलं. मांगं भिंत बसली खाटेवर."

मला ऐकून नवल वाटलं नाही. जंगलात वणवा लागला की बाई सगळ्यांच्या पुढे असते.

"काही बोलली?"

"नाई." त्यांनी आपला उजवा हात उलटापालटा करून पाहिला. "येवढं वावधन सुटलं होतं, पण तिचा पदर हलून नाई राह्यला."

वासुदेवरावांचं किराणा दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला, बाजार चौकात. तिथं मी फक्त पाणी प्यायला थांबलो. दुकानाचा स्लॅब पुढे झुकला होता. तेलाच्या डब्यांतून तेल रस्त्यावर आलं होतं.

"अमरभाऊ, तुमच्या बहिणीचे पाय धरायले पाह्यजेत," ते म्हणाले. "मी गल्ला बंद करत होतो. ती आत आली, मनगट धरलं अन् ओढतच बाहेर काढलं मले."

"किती वाजता?"

"वावधन चौकात आलं तेव्हा. दुसरं कधी?"

गावावरून वादळ जायला तीन मिनिटंही लागली नव्हती. जंगलूबाबांचं घर आणि हा चौक यांत पाऊण किलोमीटर अंतर आहे. घाबरलेला माणूस वेळ चुकतो, एकाच्या जागी दुसऱ्याला पाहतो. मी स्वतःची तशी समजूत घातली आणि धरणाच्या रस्त्याला लागलो.

रोपवाटिका गावापासून तीन किलोमीटर. बाया आडवी झालेली रोपं उभी करत होत्या. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या शकुंतलाबाई मला ओळखतात.

"काल? काल ती गावात कशी असंन?" त्या म्हणाल्या. "आम्ही पाच जणी या खोलीत होतो. दार उडून चाललं होतं. तुझ्या बहिणीनं धरून ठेवलं. दोन्ही हात फाटले, पण सोडलं नाई तिनं. वावधन येण्याच्या आधीपासून ते पार जाईपर्यंत."

दार पत्र्याचं होतं. आतल्या कडेला, हात धरतील त्या उंचीवर, वाळलेलं रक्त होतं. मी ते पाहिलं. बोटही लावून पाहिलं.

बाई मागच्या बाजूला चूल पेटवत होती. दोन्ही तळहातांना चिंध्या बांधलेल्या. मला पाहून हसली.

"काऊन आला रे येवढ्या दूर? मले काय झालं?"

चहा होईपर्यंत मी चुलीत काटक्या सारल्या. मग जंगलूबाबा आणि वासुदेवराव काय म्हणाले ते सांगितलं.

"मलेही तेच सांगून राह्यले सगळे," ती म्हणाली. "आणखी चार घरचे आले होते सकाळी."

"मग?"

"मले काय ठाव? मी दार धरून होती. डोळे मिटले होते. एकेकाची याद येत होती."

तिनं चहा माझ्यापुढे सरकवला. मी दुपारपर्यंत तिच्यासोबत रोपं उचलली. फाटक्या हातांनी ती माझ्या दुप्पट काम करत होती. तीनच्या सुमारास दक्षिणेला, वर्ध्याच्या बाजूला, आभाळ काळं झालं. बाईनं काम थांबवलं. ती झाडाच्या बुंध्याला टेकून बसली आणि तिनं डोळे मिटले.

थकली असेल, असं मला वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. माझी बायको, रीना; ती आणि आमची लेक सोनम घरी होत्या. मागे वाऱ्याचा आवाज इतका होता की शब्द तुटत होते.

"अहो, बाई आल्यात."

"कोण?"

"बाई! रामबाई! स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आहेत. काही बोलतच नाहीत. सोनमचा हात धरलाय त्यांनी, बाहेर ओढून राह्यल्या. बाहेर वारं केवढं आहे! काय करू मी?"

बाई माझ्यासमोर बसली होती. दोन हातांच्या अंतरावर. तिच्या कपाळावर घाम होता.

आयुष्यात पहिल्यांदा मी न पाहिलेल्या गोष्टीवर सही केली.

"जा," मी म्हणालो. "तिच्यासोबत जा. आत्ता!"

पावलं ऐकू आली. सोनमचं रडणं. मग एक दणका, आणि बराच वेळ नुसता वारा.

"रीना?"

"आहोत," ती म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "बाहेर आहोत. गच्चीवरची टाकी स्वयंपाकघरात कोसळली. अहो, आम्ही तिथंच..."

"आणि बाई?"

"आत्ता इथंच होत्या."

माझ्यासमोर बाईनं डोळे उघडले. आवाज अगदी हळू होता, पोरगी झोपेतून जागी होऊ नये तसा.

"रीनाले म्हण, सोनमले कडेवर घे," ती म्हणाली. "तिच्या पायात चप्पल नाई. अंगणात काचा पडल्या हायेत."